दाढ काढताय? मग त्या जागेचं आधी ठरवा

‘तीन दिवसांत पक्के दात’, ‘कवळीला कायमची सुट्टी’ अशा पाट्या आता जळगाव-धुळ्यातच नाही, तर तालुक्याच्या गावीही दिसायला लागल्या आहेत. आणि गालाला रुमाल बांधून ‘दाढ दुखस, काढी टाका’ म्हणत येणाऱ्यांची रांगही कमी झालेली नाही. दाढ निघते, ठणका थांबतो, माणूस घरी जातो. त्या जागी काय बसवायचं हा प्रश्न मग दोन-चार वर्षांनी, चावताच येईनासं झालं की निघतो. तोवर हाड झिजलेलं असतं, शेजारची दाढ कललेली असते आणि साधा उपाय हातातून गेलेला असतो. दाढ काढणं आणि तिची जागा भरणं हा एकच निर्णय आहे. तो दाढ तोंडात असतानाच घ्यायला हवा.

पहिला प्रश्न: दाढ वाचेल का?

दुखते म्हणून काढा, असं होत नाही. दाताच्या आत नस आणि रक्तवाहिन्या असतात. कीड तिथवर पोचली की रात्री झोपू न देणारा ठणका लागतो. आतली सडलेली नस काढून, पोकळी साफ करून, भरून वर कॅप बसवली की दाढ वर्षानुवर्षं टिकते. यालाच रूट कॅनाल म्हणतात. हिरडीच्या वर दाताचा पुरेसा भाग शाबूत असेल आणि मुळाभोवती हाड असेल तर आधी याचा विचार करावा. स्वतःच्या दाढेइतकी चांगली दुसरी कुठलीही दाढ नाही, सगळ्यात महाग इम्प्लांटसुद्धा (हाडात स्क्रू बसवून केलेला कृत्रिम दात) नाही.

मूळ उभं तडकलं असेल, कीड हिरडीच्या खूप खाली गेली असेल किंवा हाड झिजून दाढ डुगडुगत असेल तर मात्र ती काढावीच लागते. अर्धवट उगवलेली, वारंवार सुजणारी अक्कलदाढही बहुधा काढलेलीच बरी. निर्णयाआधी एक्स-रे हवाच. मुळं किती, वाकडी आहेत का, खालच्या जबड्यातली नस किती जवळ आहे, हे नुसतं तोंडात बघून कळत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत एक चूक फार होते. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. कुठलाही दात न पडता ती येते, म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते. ‘पडेल आणि नवीन येईल’ म्हणून तिची कीड तशीच राहते. ती कायमची दाढ असते, गेली की पुन्हा येत नाही.

दाढ निघते कशी

दात हाडात चिकटवलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा पातळ थर असतो, त्यावर दात तोलून धरलेला असतो. जमिनीत पक्का बसलेला खुंटा काढताना आपण तो सरळ वर ओढत नाही, आधी चहूबाजूंनी हलवून भोवतीची माती सैल करतो. दाढही तशीच निघते. डॉक्टर आधी हिरडी सोडवतात, चपट्या टोकाच्या हत्याराने तंतू तोडतात, मग पकडीने दाढ आतबाहेर हलवत हाडाची जागा थोडी रुंद करतात. ओढायचं काम सगळ्यात शेवटी येतं. मुळं फाकलेली किंवा वाकडी असतील तर दाढेचे दोन-तीन तुकडे करून एकेक मूळ काढतात. तुकडे केले म्हणजे काम बिघडलं असं समजू नका. तसं केल्याने हाड वाचतं.

भुलीचं इंजेक्शन दुखणं थांबवतं, दाब थांबवत नाही. त्यामुळे ढकलल्यासारखं, करकरल्यासारखं जाणवेल. टोचल्यासारखं दुखलं तर हात वर करा, भूल वाढवता येते. खालच्या दाढेला दिलेल्या भुलीने ओठ आणि जीभ दोन ते चार तास बधिर राहतात. तेवढ्या वेळात गरम चहा पिऊ नका, आणि लहान मूल असेल तर ते ओठ चावत नाही ना, याकडे लक्ष ठेवा.

पू झालेल्या जागी भूल नीट लागत नाही, म्हणून कधीकधी डॉक्टर दोन-चार दिवस औषधं देऊन थांबतात. पण ‘सुजेत दाढ काढूच नये’ हा नियम नाही. पुष्कळदा दाढ काढल्यानेच पू वाहून जातो आणि सूज उतरते. वाट बघत बसण्याचा धोका मोठा असतो. सूज जबड्याखाली किंवा गळ्याकडे उतरली, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा ताप चढला तर रात्र काढू नका, त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. अशा सुजेने श्वास कोंडू शकतो. गालावर बाहेरून शेक देणं, हिरडीवर तंबाखू किंवा दुखण्याची गोळी चुरून ठेवणं हे उपाय बंद करा. गोळीने हिरडी भाजते आणि शेकाने सूज पसरू शकते.

वरची दाढ काढली की नजर जाते?

नाही. दातांना संवेदना देणारी नस वेगळी आणि बघण्याची नस वेगळी. त्यांचा उगम वेगळा, मार्गही वेगळा. दाढा जातात त्या वयातच मोतीबिंदू होतो आणि चष्मा लागतो, म्हणून लोकांनी दोन्ही जोडून टाकलं. वरच्या दाढांबाबतीत खरी काळजी वेगळीच असते. गालाच्या हाडात एक पोकळी असते, सायनस. वरच्या दाढांची मुळं तिच्या तळाला टेकलेली असतात. क्वचित दाढ काढल्यावर तिथे भोक राहतं आणि पाणी पिताना नाकात येतं. असं झालं तर नाक शिंकरू नका आणि लगेच दाखवा. लवकर दाखवलं तर टाके घालून ते बंद करता येतं.

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा

चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. ‘बीपीची पांढरी गोळी’ एवढ्यावरून काही कळत नाही.

हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका. पूर्वी ती सरसकट आठवडाभर थांबवायचे. आता एखादी दाढ काढायला ॲस्पिरिनसारखी गोळी बहुधा थांबवत नाहीत. जखमेवर दाब, टाके आणि रक्त थांबवणारा स्पंज यांवर काम भागतं. वॉरफॅरिन किंवा ॲसिट्रोम घेणाऱ्यांनी आयएनआर ही रक्ततपासणी एक-दोन दिवस आधी करून घ्यावी. दाढेचं रक्त दाबून थांबवता येतं, पण गोळी बंद केल्याने हृदयात किंवा मेंदूत गुठळी झाली तर ती दाबून थांबत नाही.

मधुमेह असेल तर उपाशी जाऊ नका. सकाळची वेळ घ्या, नेहमीचा नाश्ता आणि औषध घेऊनच निघा. पोळीभाजीला सुट्टी देऊन फक्त इन्सुलिन घेतलं तर खुर्चीतच साखर उतरते. साखर फार वाढलेली असेल तर जखम भरायला वेळ लागतो आणि पू होण्याची भीती वाढते.

हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याला एक गोळी किंवा वर्षाला एक सलाइन चालू असेल, तर तेही सांगा. दाताशी त्याचा काय संबंध, असं वाटून बायका हे हमखास सांगायचं विसरतात. ॲलेन्ड्रोनेट, झोलेड्रोनिक ॲसिड या गटातल्या औषधांमुळे काही रुग्णांत जबड्याचं हाड दाढ काढल्यावर भरत नाही, उघडं पडून राहतं. कॅन्सरसाठी मोठे डोस घेणाऱ्यांत हा धोका बराच जास्त असतो. तोंडाच्या किंवा गळ्याच्या कॅन्सरला शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचा असेल तर खराब दाढा शेकाच्या दोन-तीन आठवडे आधीच काढून घ्याव्यात. शेक दिलेल्या हाडातली दाढ काढणं पुढे अनेक वर्षं जोखमीचं राहतं.

गरोदरपणात चौथा ते सहावा महिना सोयीचा. पण पू झाला असेल तर कुठल्याही महिन्यात उपचार लांबवू नयेत. हृदयाची कृत्रिम झडप असेल तर दाढ काढण्याच्या तासभर आधी अँटिबायोटिकचा एक डोस घ्यावा लागतो.

गुटखा खाणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं. महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुड्या मिळतातच. सुपारीने गालाच्या आतली त्वचा ताठ होत जाते, तोंड दोन बोटांपुरतंच उघडतं. अशा तोंडात मागच्या दाढेपर्यंत हत्यार पोचवणंच अवघड असतं. तोंड कमी उघडायला लागलं असेल तर दाढेआधी त्याची तपासणी करून घ्या, कारण पुढे त्यातून कॅन्सर होऊ शकतो.

पहिले चोवीस तास

दाढ निघालेल्या खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते. सगळं पथ्य त्या गुठळीसाठी असतं. ती टिकली तर तिच्यातूनच नवी पेशी आणि पुढे हाड तयार होतं.

कापसाचा बोळा घड्याळ लावून अर्धा ते पाऊण तास घट्ट चावून धरा. दर पाच मिनिटांनी काढून रक्त थांबलं का ते बघू नका, प्रत्येक वेळी गुठळी उपटली जाते. चोवीस तास चूळ नाही, थुंकणं नाही, स्ट्रॉने पिणं नाही. या तिन्हींत तोंडात ओढ तयार होते आणि गुठळी निघून येते. लाळ गिळून टाका. दिवसभर ती गुलाबी दिसेल, त्याने घाबरू नका. तोंड रक्ताने भरत असेल तर स्वच्छ ओला गॉज घडी करून जागेवर ठेवा आणि पुन्हा अर्धा तास दाबून धरा. तरी थांबलं नाही तर दवाखान्यात जा.

पहिल्या दिवशी गालावर बाहेरून बर्फ, दहा मिनिटं ठेवायचा, दहा मिनिटं काढायचा. झोपताना दोन उशा. उन्हाळ्यात शेतातलं किंवा भट्टीजवळचं काम दोन दिवस टाळा. उष्णतेने आणि वाकण्याने रक्त पुन्हा सुरू होतं.

खायला केळं, दही, गार झालेला वरणभात, मऊ खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी. शेवभाजीची तर्री, ठेचा, शेंगदाणे आणि चिवडा आठवडाभर लांब ठेवा. भरीत मऊ असलं तरी त्यात मिरची असते आणि वांग्याच्या बिया खड्ड्यात जाऊन बसतात, म्हणून तेही थोडं थांबू द्या.

दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून, जेवणानंतर आणि झोपताना हलक्या गुळण्या. तोंडात पाणी धरायचं, मान कलती करायची आणि तोंड उघडून पडू द्यायचं. बाकीचे दात पहिल्या रात्रीपासूनच घासा, फक्त जखमेला ब्रश लावू नका.

दुखण्यासाठी बहुतेकांना पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन पुरतं. मूत्रपिंडाचा, अल्सरचा किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय घेऊ नये. निरोगी माणसाच्या साध्या दाढेला प्रत्येक वेळी अँटिबायोटिक लागत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलं नाही म्हणून मेडिकलवरून स्वतः घेऊ नका.

तिसऱ्या दिवशी दुखणं वाढलं तर

दाढ काढल्यावर दुखणं रोज थोडं कमी व्हायला हवं. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी ते उलट वाढलं, कानापर्यंत ठणका गेला, तोंडाला घाण वास आला, तर गुठळी निघून हाड उघडं पडलेलं असतं. याला ड्राय सॉकेट म्हणतात. खालच्या अक्कलदाढेच्या जागी हे जास्त होतं, आणि तंबाखू, बिडी, मशेरी चालू ठेवणाऱ्यांत अधिक. दाढ दुखायची थांबली म्हणून संध्याकाळी लगेच मशेरी लावली की तिसऱ्या दिवशी परत यावं लागतं. कमीत कमी तीन दिवस सगळं बंद, जखम भरेपर्यंत बंद ठेवलं तर फारच बरं.

यावर उपाय सोपा आहे. डॉक्टर खड्डा धुऊन त्यात औषधाची पट्टी भरतात, तासाभरात आराम पडतो. घरी गोळ्यांवर गोळ्या खात बसण्यापेक्षा हे बरं.

जागा तशीच सोडली तर काय बिघडतं?

चावताना दाताच्या मुळावर येणारा दाब हाडाला टिकवून ठेवतो. मूळ गेलं की हाड झिजायला लागतं. पहिल्या वर्षात हाडाची रुंदी जवळपास निम्म्याने कमी होते, आणि त्यातली दोन तृतीयांश झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. मागची दाढ रिकाम्या जागेत कलते, समोरच्या जबड्यातली दाढ खाली किंवा वर सरकते. त्या फटींत अन्न अडकून चांगल्या दाढाही किडतात. माणूस एकाच बाजूने चावायला लागतो.

तरीही प्रत्येक जागा भरलीच पाहिजे असं नाही. अक्कलदाढेच्या जागी काही बसवत नाहीत. सगळ्यात मागची एक दाढ गेली आणि पुढचे दात वर-खाली नीट जुळत असतील तर बऱ्याच जणांचं काही अडत नाही. वीसेक चांगले, एकमेकांवर बसणारे दात रोजच्या जेवणाला पुरतात. तुम्हाला कुणी ‘ही जागा भरा’ म्हणालं, तर न भरल्यास नेमकं काय होईल हे विचारा.

काढता-घालता येणारी कवळी

सगळ्यात स्वस्त, आणि शेजारच्या दातांना हात न लावता होणारी. जास्त दात गेले असतील तर अजूनही चांगला मार्ग. वरची कवळी टाळूला चिकटून बसते. खालची मात्र हलते, कारण तिथे टेकायला जागा कमी आणि जीभ तिला सारखी ढकलते. खालच्या जबड्याचं हाडही जास्त झिजतं. त्यामुळे ‘वरची छान बसली, खालची डॉक्टरांनी बिघडवली’ ही तक्रार पुष्कळदा अन्यायाची असते.

पहिले दोन-तीन आठवडे लाळ वाढते आणि कुठेतरी रुततं. घरी कानशीने घासू नका. दुखरी जागा दिसण्यासाठी दवाखान्यात जाण्याआधी काही तास कवळी घालून ठेवा. रात्री काढून गार पाण्यात ठेवा. उकळत्या पाण्याने तिचा आकार बिघडतो, दाणेदार मंजनाने चरे पडतात. मऊ ब्रश आणि साधा साबण पुरतो. हाड झिजत राहतं, म्हणून काही वर्षांनी आतून अस्तर घालावं लागतं.

ब्रिज

रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात चहूबाजूंनी घासून लहान करतात आणि तीन जोडलेल्या कॅप एकत्र चिकटवतात. काम दोन-तीन खेपांत होतं, दात काढावा-घालावा लागत नाही. शेजारच्या दातांना आधीच मोठं फिलिंग किंवा रूट कॅनाल असेल तर ब्रिज चांगला, त्यांनाही कॅप लागणारच असते. पण दोन्ही दात धडधाकट असतील तर एका दातासाठी दोन चांगले दात घासणं मला पटत नाही. घासलेलं आवरण परत येत नाही. ब्रिज नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं जातो. बिघडतो तो बहुधा कॅपच्या कडेला आतून लागलेल्या किडीने, आणि ती दुखेपर्यंत कळत नाही. त्यासाठी ब्रिजखालून रोज बारीक ब्रश किंवा खास दोरा फिरवायला शिका.

इम्प्लांट

इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू, साधारण चार मिलिमीटर जाड आणि दहा मिलिमीटर लांब. त्यावर जोड आणि जोडावर कॅप. स्वीडनचे संशोधक ब्रेनमार्क यांना १९५२ मध्ये सशाच्या हाडात बसवलेली टायटॅनियमची नळी निघेचना, हाड तिला घट्ट धरून बसलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात स्क्रू बसवले.

स्क्रू बसवणं हे अर्ध्या-पाऊण तासाचं काम. वेळ लागतो तो हाडाला त्याला धरायला, खाली साधारण तीन महिने, वर चार ते सहा. या काळात स्क्रूवर जोर येऊन तो हलत राहिला तर भोवती हाडाऐवजी मऊ पेशी तयार होतात आणि तो सैल होऊन निघतो. लोक म्हणतात ‘शरीराने नाकारलं’. तसं नसतं. कारण बहुधा जंतू, अकाली भार, तंबाखू किंवा आटोक्याबाहेरची साखर यांपैकी असतं.

आधी थ्रीडी स्कॅन लागतो. खालच्या जबड्यातून ओठाची नस जाते. स्क्रू आणि नस यांत दोन मिलिमीटर तरी अंतर हवं, नाहीतर ओठ कायमचा बधिर होऊ शकतो. वर सायनस खाली उतरलेला असेल तर हाड भरावं लागतं. दाढ काढतानाच खड्ड्यात हाडाची पूड भरली तर झीज कमी होते, म्हणून हा प्रश्न काढण्याआधीच विचारायचा. ही पूड पुष्कळदा गाईच्या हाडापासून केलेली असते. ज्यांना ते चालणार नाही त्यांनी आधी सांगावं, कृत्रिम पूडही मिळते.

‘आता म्हातारपणी कशाला?’ याला अर्थ नाही. वरची वयोमर्यादा नाही, अडचण असते ती तब्येतीची. उलट अठराच्या आतल्या मुलांत थांबावं लागतं, कारण जबडा वाढत असतो. इम्प्लांटला कीड लागत नाही, पण हिरडीचा आजार लागतो. साफसफाई नसेल तर भोवतीचं हाड न दुखता झिजत जातं.

ज्या आजी-आजोबांची खालची कवळी बसतच नाही त्यांनी संपूर्ण जबडाभर स्क्रूंचा खर्च करायलाच हवा असं नाही. पुढे दोन स्क्रू बसवून त्यांवर टिचबटणाने कवळी अडकवता येते. २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी खालच्या जबड्यासाठी हीच पहिली निवड असावी असं म्हटलं. आपल्याकडे हा मधला मार्ग फार कमी जणांना सांगितला जातो.

मग तीन दिवसांत पक्के दात कसे?

हे सरसकट खोटं नाही. हाड चांगलं असेल, स्क्रू घट्ट बसले असतील आणि अनेक स्क्रू एकत्र जोडून भार वाटून घेतला असेल तर काही रुग्णांना लगेच दात देता येतात. पण ते निवडक रुग्ण असतात. स्कॅन न बघता, साखर न तपासता तीन दिवसांचं वचन कुणी देत असेल तर उठून या. आणि ‘सगळेच दात काढून नवे बसवू’ असं कुणी सांगितलं तर दुसऱ्या दंतवैद्याचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

आठवडे बाजारात शे-दोनशे रुपयांत ‘फिक्स दात’ बसवणारे असतात, त्यांच्याकडे तर जाऊच नका. ते ओला प्लॅस्टिकचा लगदा हिरडीवर आणि शेजारच्या दातांवर थापतात, तो तिथेच घट्ट होतो. कधी तारेने बांधतात. त्याखाली अन्न सडतं, हिरडी सुजते आणि ज्या चांगल्या दातांना तो चिकटवला तेही हलायला लागतात.

पैसे आणि तारखा

साधी दाढ काढायला उपजिल्हा रुग्णालयात जाता येतं, तिथे सार्वजनिक आरोग्य विभागाचे उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क आहेत. दंतचिकित्सक कोणत्या दिवशी बसतात ते आधी विचारून जा. कवळी आणि ब्रिज दंत महाविद्यालयात खासगीपेक्षा स्वस्तात होतात, फक्त खेपा जास्त लागतात.

इम्प्लांटचा भाव विचारताना ‘एका दाताचे किती’ एवढंच विचारू नका. स्क्रू, जोड, कॅप, स्कॅन आणि लागली तर हाडाची पूड, हे सगळं धरून किती ते लिहून घ्या. पाटीवरचा आकडा बहुधा नुसत्या स्क्रूचा असतो.

सुरतेला किंवा पुण्याला कामाला असलेल्यांनी सुट्ट्या बघून आखणी करावी. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) दाढ काढली आणि श्रावणात कानबाईच्या सुमारास स्क्रू बसला, तर खालच्या दाढेची कॅप दिवाळीच्या आसपास होते. वरच्या दाढेला त्याहून एक ते तीन महिने जास्त धरा. स्क्रूच्या डबीवर कंपनी, मॉडेल आणि माप लिहिलेलं स्टिकर असतं. ते तुमच्या फाइलला लावून घ्या आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पाच वर्षांनी परगावी जोड सैल झाला, तर तिथल्या डॉक्टरांना तो घट्ट करायला नेमक्या त्याच कंपनीची चावी लागते.